कचऱ्यातली चार पत्रं

मेलेल्या माणसाचं पत्र घेऊन कोणी दारात आलं, तर त्याला आधी पाणी द्यावं की आधी पत्र वाचावं, हे छत्तीस वर्षांच्या नोकरीत पंजाबराव इंगोल्यांना कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून त्यांनी दोन्ही केलं. डाव्या हाताने ग्लास पुढे केला आणि उजव्या हाताने त्या पोरीचा फोन घेतला.

"अब्बूचा मेल हाये," पोरगी म्हणाली. "आन अब्बूले जाऊन सव्वापाच महिने झाले."

पंजाबरावांच्या हातातला फोन एकदम जड झाला. त्यांनी तो गुमान टेबलापलीकडे बसलेल्या शुभांगीकडे सरकवला.

वाशिमच्या बाजारपेठेत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत शुभांगी गोटेचं हे ऑफिस. दहा वर्षं पुण्यात एका कंपनीचं मेलखातं सांभाळून ती गावी परतली होती, आणि आता लोकांचे फसवे, चोरलेले, हरवलेले मेल शोधून द्यायची. पंजाबराव तिच्या वडिलांचे जिवलग मित्र, अनसिंगचे रिटायर पोस्टमन. घरी सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा इथे बसलेलं बरं, असं त्यांचं मत होतं. सुनेचंही तेच होतं.

पोरीचं नाव उमेरा. शेलूबाजारच्या गादी-रजईवाल्या वहाबभाईंची लेक. नागपूरला नर्सिंगला नंबर लागला होता. शनिवारी पाचपर्यंत हजर झाली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती. आज बुधवार.

"नंबर लागल्यापासून तीन मेल आले," उमेरा म्हणाली. "वाचा तुमी."

शुभांगीने मोठ्याने वाचलं. "‘उमेरा, नागपूरले जाऊ नको. अम्मीले एकटी सोडशील तं माझ्या रूहले चैन पडनार नाही.’" बाकीचे दोनही त्याच धाटणीचे होते.

"बाप्पा!" पंजाबराव पुटपुटले.

"तुझं काय म्हणणं हाये?" शुभांगीने विचारलं.

"अब्बू जित्ते होते तवा मी त्यायले इचारलं होतं, जाऊ का म्हणून. ते म्हणे, पाहू. पाहू पाहू म्हणता म्हणता गेले." उमेराने ओढणीने डोळे दाबले. "हे त्यायचं उत्तर असंन तं मी नाही जात, ताई. पण खरंच त्यायचं हाये का, तेवढं सांगा."

शुभांगीने फोन आपल्या संगणकाला जोडला आणि मेल उघडून त्याच्या पोटातल्या बारीक इंग्रजी ओळी पडद्यावर आणल्या. पंजाबरावांना दरदरून घाम आला. इंग्रजी आणि त्यांचं कधी जमलं नव्हतं.

"घाबरू नका काका. हे मेलचं पाकीट हाये," ती म्हणाली. "आपल्याले फोनवर निस्तं पत्र दिसते. पाकिटावर कुठून निघालं, कोणत्या पोस्टातून गेलं, सगळे शिक्के असतात. खालून वर वाचायचं. सगळ्यात खालचा शिक्का पहिल्या पोस्टाचा."

"असं होय!" पंजाबरावांची कळी खुलली. शिक्क्यांत त्यांना कोणी हरवू शकत नव्हतं.

"पाठवणाऱ्याच्या जागी वहाबभाईंचा पत्ता लिहिला हाये. तो कोणीबी लिहू शकते, पाकिटावर नाव टाकायले कोण अडवते? पण परतीचा पत्ता पाहा. भलताच. आन ही ओळ: ‘या यादीतून नाव काढायचं असल्यास इथे दाबा.’"

"हे काय लफडं?"

"हे माणूस लिहीत नाही. आपोआप चिकटते."

मग शुभांगीने उमेराच्या खात्यात एक चाळणी बसवली. वहाबभाईंच्या पत्त्यावरून आलेला मेल कुठेही पडलेला असो, अगदी स्पॅमच्या कचऱ्यातही, तो उचलून एका कप्प्यात आणायचा. आणि ज्याचा परतीचा पत्ता वेगळा, त्यावर लाल खूण करायची.

"आता तिन्ही लाल होऊन एका जागी येतीन," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

कप्प्यात सात मेल आले.

खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. तीन मेल लाल होते. चारांवर खूण नव्हती.

"हे चार कचऱ्यात पडले होते," शुभांगी सावकाश म्हणाली. "तू पाहिलेच नाही. आन हे खरे हायेत, उमेरा. तुझ्या अब्बूच्याच खात्यातून, त्यायच्याच पासवर्डनं निघालेले."

"पासवर्ड तं कोणालेच माहीत नव्हता!"

शुभांगीने पहिला उघडला. ‘उमेरा, आज नळ आला नाही. तुझी अम्मी टाकीवर चढली. मी वरून पाहून राह्यलो. तिले सांगू नको.’ चारही मेलांसोबत एकेक फोटो होता. हा वरून काढलेला. अंगण, टाकी आणि टाकीवर वाकलेली एक बाई.

दुसरा. ‘आता दुखत नाही. लय हलकं वाटते. कोणी वर येत नाही.’

तिसरा. ‘खाली सगळे जेवून राह्यले. माझी थाळी नाही मांडली.’

चौथा. ‘तुझं उत्तर नाही आलं. राहू दे. मी अठीच हाये.’

उमेरा रडली नाही, ओरडली नाही. नुसती पांढरीफटक पडली. पंजाबरावांनी खुर्ची मागे सरकवली आणि मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं. आपलं वय सदुसष्ट आहे, हे त्यांना उगाचच आठवलं.

"मी नाही जात नागपूरले," उमेरा म्हणाली. "ते घरीच हायेत."

"शनिवारपर्यंत काही ठरवू नको," शुभांगी म्हणाली. "उद्या आमी शेलूले येतो. त्यायचा फोन कुठी हाये?"

"अम्मीच्या पेटीत. बॅटरी फुगली त्याची. चार्जरवर लावला तरी दहा मिन्टात बंद पडते."

पोरगी गेल्यावर पंजाबराव दबक्या आवाजात म्हणाले, "शुभा, हे आपलं काम नाही. एखाद्या मौलानाले बोलवू."

"काका, शिक्के पाहा. चारही मेल मे महिन्यात लिहिलेले. वहाबभाई गेले मेच्या सत्तावीसले, म्हणजे त्याच्या आधीचेच. पण पहिल्या पोस्टाचा शिक्का थेट गेल्या महिन्याचा. चारही गुरुवारचे, पाच ते सहाच्या मधले. दर गुरुवारी एक."

"मंग मधले पाच महिने पत्र होतं कुठी?" पंजाबरावांनी डोकं खाजवलं. "किन्हीराजा गावच्या टपालथैलीत एक कार्ड शिवणीत अडकलं होतं. सात वर्षांनी निंगालं. पण ही थैली तं इजेची!"

शुभांगी त्यांच्याकडे पाहून हसली, आणि आपण काही मूर्खासारखं बोललो की शहाण्यासारखं, हे पंजाबरावांना घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

गुरुवारी सकाळी काळीपिवळी जीपने दोघं शेलूबाजारला उतरली. रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत पडलं होतं. वहाबभाईंचं गादीचं दुकान आता धाकटा भाऊ अल्ताफ चालवायचा. जाडजूड, आडव्या अंगाचा माणूस. तो छोट्या टेम्पोत रजया भरत होता.

"तोंडावर सांगतो," अल्ताफ म्हणाला. "पोरीले बाहेरगावी ठेवायले माझा इरोध हाये. घरी बी सांगतलं, मशिदीसमोर बी सांगतलं. कोणाले भेतो काय मी?"

"आज दुकान बंद?" शुभांगीने विचारलं.

"जुमेरातीले, म्हणजे दर गुरुवारी, मी माल घेऊन बाजारले असतो. संध्याकाळी येतो."

शुभांगीने नेटचा पासवर्ड मागितला. अल्ताफने कुरकुरत सांगितला. "भाईनं ऑर्डरीसाठी लावलं होतं. लय हळू चालते." तिने आपला फोन जोडून काहीतरी पाहिलं आणि पंजाबरावांना हळूच म्हणाली, "त्या चार मेलांचा सगळ्यात खालचा शिक्का अठचाच हाये. याच दुकानाच्या नेटचा."

पंजाबरावांनी अल्ताफकडे नव्या नजरेने पाहिलं. हाच लेकाचा! त्यांची खात्री पटली.

आत भिंतीलगत वहाबभाईंची बसायची गादी तशीच होती. वरच्या फळीवर मातीचं ऊददान, त्यात ताजी राख. खाली बोर्डात एक जुना, बारीक पिनेचा चार्जर लटकत होता.

"ऊद तुमी जाळता?" शुभांगीने विचारलं.

"ना बाप्पा! मले धुरानं खोकला येते. भाभी जाळत असंन. दुसरी चावी तिच्यापाशी हाये."

"आन चार्जर?"

अल्ताफने खिशातून आपला चपटा, नवा फोन काढून दाखवला. "ह्याले तं तो बसत बी नाही. भाईचा असंन."

वहाबभाईंचं घर मागच्या गल्लीत. फरहतभाभींनी चहा केला. पन्नाशीची, काटक बाई. मेलचं नाव काढताच तिने हात झटकले.

"मले त्यातलं काही समजत नाही, बेटी. ते गेल्यावर मी इद्दतमदी बसली होती. चार महिने धा दिवस घराचा उंबरा ओलांडला नाही. महिना झाला बाहेर निंगाले."

"वहाबभाई आजारी असताना कुठे असायचे?"

"वरच्या खोलीत. दीड महिना. उमेरा तवा वाशिमले होस्टेलात परीक्षेची तयारी करे. फोन बी नव्हता ठेवला तिनं, तठच्या कॉम्प्युटरवर फक्त मेल पाहे." भाभी खाली पाहत म्हणाली. "वर फोनची रेंज नाही, नेट नाही. पेज सोडून काही खाल्लं जाये ना त्यायच्यानं. थाळी मांडायचीच बंद केली मी. अखेरीले तं दुखणं बी थांबलं होतं." मग तिने घड्याळाकडे पाहिलं. "आज जुमेरात. मले दुपारून काम हाये."

कसलं काम, ते ती बोलली नाही. शुभांगीनेही विचारलं नाही.

थोरला खालिद जेवायला आला. सव्वीस वर्षांचा, मंगरुळपीरला बियाण्याच्या एजन्सीत नोकरीला. बोलण्यात गोड, पण पायाचा अंगठा सारखा जमिनीवर घासत होता.

"उमेरानं जावं का?" शुभांगीने विचारलं.

"माझं काय? अब्बूचीच मर्जी नसंन तं..." तो थांबला. "अम्मीजवळ कोणी पाह्यजे ना."

"तुमी असता की."

"मी... हो. मी असतोच."

"एजन्सीत काय पाहता?"

"हरभऱ्याचा सीझन हाये. चार हजार शेतकऱ्यांले एका टायमाले मेल, मेसेज पाठवतो."

"वा! मले बी पाठवा हरभऱ्याचा भाव," शुभांगी म्हणाली आणि तिने आपला पत्ता दिला. खालिदने एजन्सीच्या मेलवरून तिथल्या तिथे पाठवला.

पंजाबराव चक्रावले. शुभांगीच्या सात पिढ्यांत कोणी हरभरा पेरला नव्हता.

पाच वाजता शुभांगी उमेराला आणि खालिदला घेऊन दुकानाकडे निघाली. अल्ताफला तिने फोन करून लवकर बोलावलं होतं. तो चिडून शटरपाशी उभा होता. शटर अर्धं उघडं होतं. आतून ऊदाचा वास येत होता.

आणि आतून वहाबभाई बोलले.

"फरहत, चाय झाली का?"

उमेराने पंजाबरावांचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. अल्ताफच्या हातातून चाव्या गळाल्या. पंजाबरावांच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मारुतीचं नावही अर्ध्यावर राहिलं. पुन्हा तोच आवाज, त्याच स्वरात: "फरहत, चाय झाली का?"

शुभांगी वाकून शटरखालून आत गेली. बाकीचे मागोमाग.

वहाबभाईंच्या गादीसमोर फरहतभाभी जमिनीवर बसली होती. पुढ्यात ऊददान. मांडीवर एक जुना फोन, वायरीने बोर्डाला बांधलेला. तिचा चेहरा भिजला होता. सगळ्यांना पाहून तिने फोन पदराखाली लपवला, चोरी पकडल्यासारखा.

"लपवू नका, भाभी," शुभांगी खाली बसत म्हणाली. "बसा सगळे. आता सांगते."

"मेल दोन तऱ्हेचे हायेत. तीन खोटे, चार खरे. आधी खरे घेऊ. ते मे महिन्यात लिहिले गेले आन गेल्या महिन्यात निंगाले. काल काकांनी एका बोलात उत्तर देलं होतं, थैलीच्या शिवणीत अडकलेलं कार्ड."

पंजाबरावांनी छाती किंचित पुढे काढली.

"वहाबभाई वरच्या खोलीत पडून उमेराले लिहीत होते. वरून अंगण दिसे, म्हणून ‘वरून पाहून राह्यलो’. पेजेवर होते, म्हणून थाळी नाही. लिहिलं, पाठवायचं बटण दाबलं. पण वर नेटच नव्हतं. मेल फोनातच पडून राह्यले. त्यायले वाटलं, गेले. पोरगी उत्तर देत नाही, अभ्यासात असंन."

उमेराच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. शुभांगीने भाभीच्या पदराकडे बोट दाखवलं.

"आता हा फोन नेट ओळखतो तो एकाच जागी, या दुकानात. मंग तो अठी कोण आणत होतं? अल्ताफभाई जुमेरातीले बाजारात असतात, ऊद त्यायले सोसत नाही, चार्जर त्यायच्या फोनले बसत नाही. आन खरे मेल चारच काहून? महिनाभरात चार जुमेराती झाल्या म्हणून. भाभींची इद्दत संपली आन त्या पहिल्यांदा घराबाहेर पडल्या, त्यालेबी महिनाच झाला. आधी त्या येऊच शकत नव्हत्या."

"घरी पोरायपुढे रडायचं नव्हतं मले," फरहत म्हणाली. "जुमेरातीले रूह घरी येते म्हणतात. त्यायच्यासाठी फातिहा पढते, फोनात भरलेला त्यायचा आवाज ऐकते. आठ सेकंदाचा हाये. मेलबिल मले काही ठाऊक नाही, अल्लाकसम."

"माहीत हाये, भाभी. तुमी फोन चालू केला की त्यात साठवलेल्या पासवर्डनं तो आपोआप मेल ढकलायले लागते. फोटो जड, नेट हळू, बॅटरी दहा मिन्टाची. एका बारीले एकच जाते. तारीख पाच महिने जुनी पाहून मेलवाल्यांच्या पहारेकऱ्यानं ते कचऱ्यात टाकले. आन खोटे मेल ऐटीत समोर येऊन बसले, कारण ते नाव कमावलेल्या कंपनीच्या यंत्रातून आले."

"कोणी धाडले?" अल्ताफ गरजला.

"तुमी नाही. तुमी जे सांगायचं ते मशिदीसमोर सांगतलं. तुमाले मेलेल्या भावाच्या आडून बोलायची गरज नव्हती." शुभांगीने फोन काढला. "खोट्या मेलांत ‘यादीतून नाव काढा’ अशी ओळ होती. बाप लेकीले लिहितो तवा अशी सोय ठेवत नाही. ती ओळ हजारोंनी मेल पाठवणारं यंत्र चिकटवते. दुपारी मले हरभऱ्याचा भाव आला. त्यात तीच ओळ, तोच परतीचा पत्ता, ते यंत्र वापरणाऱ्या ग्राहकाचा तोच नंबर. खालिद?"

खालिदने मान वर केली नाही. अंगठा मात्र थांबला होता.

"काहून रे भाईजान?" उमेराने विचारलं. राग नव्हता तिच्या आवाजात, म्हणून ते जास्तच लागलं.

"सौदीत, दम्मामले नोकरी लागली मले," खालिद म्हणाला. "तू गेली तं मी कसा जाऊ? अम्मीले एकटी टाकून? एक तरी घरी पाह्यजे ना. मी तुले तोंडानं थांब म्हटलं असतं तं तू म्हणली असती, तू काहून नाही थांबत. म्हणून अब्बूचं नाव... मी रोज इस्तगफार पढतो, अल्लाले माफी मागतो." त्याचा आवाज फुटला आणि हा गडी लहान पोरासारखा रडायला लागला.

तेवढ्यात उमेराचा फोन वाजला. सगळ्यांनी दचकून पाहिलं. तिच्या कप्प्यात आठवा मेल आला होता. लाल खूण नव्हती.

उमेराने फोन पुढे केला. शुभांगीने फोन घेऊन वाचलं.

"‘उमेरा, आज खालिदनं पाय दाबून देले. त्याच्या खिशात पासपोर्टचा कागद दिसला. मी काही बोललो नाही. पोरायले जायचं असलं की ते आधी चुप होतात. तू बी चुपच झाली होती. मी पाहू म्हटलं, त्याचा राग मानू नको. मले इचारून काय फायदा? घर तुझी अम्मी चालवते. तिले इचार.’"

अल्ताफने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सगळ्यांच्या नजरा आपोआप फरहतकडे वळल्या, आणि पंजाबरावांच्या ध्यानात आलं की दोन दिवसांत या बाईच्या एकटेपणावर सगळे बोलले होते. मुलगा बोलला, लेक बोलली, मेलेला नवराही खोट्या मेलातून बोलला. तिला मात्र कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आपणही नाही, असं त्यांना वाटलं आणि त्यांना खरंच लाज वाटली.

"पाहता काय? इचारा ना," फरहत म्हणाली.

"अम्मी," उमेरा तिच्याजवळ सरकली. "मी जाऊ?"

"जा! कवाची म्हणून राह्यली मी मनात, जा म्हणून. कोणी इचारंन तं सांगीन ना!" फरहतने फोन पदराखालून काढला. "एकटी, एकटी! मी काय काचेची बरणी हाये? दीड महिना त्यायले पाठीवर घेऊन जिना चढली-उतरली." ती खालिदकडे वळली. "आन तू. बहिणीची माफी माग. शनिवारी तूच तिले नागपूरले पोचवून देशीन, तिची बॅग डोक्यावर घेऊन. मंग दम्मामचं बोलू."

खालिद उठून उमेरापुढे उभा राहिला. माफी त्याला नीट मागता आली नाही. उमेराने त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि मग दोघंही रडली.

शुभांगीने उमेराच्या खात्यातली चाळणी उघडली आणि एक नियम बदलला. या पत्त्यावरून खरा मेल आला, तर तारीख कितीही जुनी असो, कचऱ्यात टाकायचा नाही. मग तिने भाभीचा फोन हातात घेऊन पाहिलं.

"अजून अकरा मेल अडकून हायेत, भाभी. वाशिमहून नवी बॅटरी आणली तं पाच मिन्टात सगळे जातीन."

"अकरा?" फरहतने फोन परत घेतला. पडदा अजून उजळ होता, पण कोपऱ्यातली बॅटरीची खूण लाल झाली होती. तिने तो दोन्ही हातांत धरला. "नको, बेटी. हप्त्याले एकच येऊ दे. उमेरा फोनवर वाचून दाखवंन मले."

"काहून, अम्मी?"

"तू तठी, हा दम्मामले. मले बी कोणी घरी यायले पाह्यजे ना जुमेरातीले," ती म्हणाली, आणि फोन बंद पडला.